झोपूनही न जाणारा शीण

शीण आपल्याला नवा नाही. ज्वारीची काढणी असो, उसाची तोड असो, की लग्नघरची भांडी असोत, संध्याकाळी अंग ठेचून निघते. पण हा शीण मोठा गुणी. पोटात भाकरी पडावी, अंगावर कढत पाणी पडावे, रात्रभर पाठ टेकावी, की सकाळी तो गेलेला असतो. आपण पुन्हा उठतो आणि विळा हातात घेतो.

आज ज्या शिणाची गोष्ट सांगायची आहे, तो असा गुणी नाही. तो काम न करता येतो आणि झोप घेऊन जात नाही. कॅन्सर, म्हणजे कर्करोग, झालेल्या माणसाला हा शीण येतो. बहुतेक रोग्यांना तो कधी ना कधी गाठतोच. अनेक जण सांगतात की दुखणे सोसले, उलट्या सोसल्या, पण ह्या शिणाने जिणे नकोसे केले. आणि नेमके ह्याच दुखण्याकडे घरातले लोक लक्ष देत नाहीत. कधी कधी रोगी स्वतःही देत नाही.

आमचा साक्षरतेचा वर्ग ज्या गावात चालतो, तिथल्या एका घरची हकीकत सांगतो. नावे सांगत नाही. सून चाळिशीच्या आतली. तिच्या छातीत गाठ आली. शहरात ऑपरेशन झाले, गाठ काढली. मग दर तीन आठवड्यांनी औषधाची सलाईन सुरू झाली. तिलाच केमो म्हणतात. केमो घेऊन सून एस.टी.ने घरी यायची आणि खाटेवर पडायची. दोन दिवस, तीन दिवस. सासू मनाने वाईट नव्हती. पण पाणी भरायचे, गुरांचे बघायचे, पोरांच्या भाकरी थापायच्या, सगळे तिच्या एकटीच्या अंगावर पडले.

एक दिवस ती म्हणाली, "अगं, दोन दिस झालं पडूनच हाईस. आजून किती झोपायचं?"

सून म्हणाली, "आत्याबाई, झोप झाली. पर तांब्या उचलाया गेले, तर हातातनं सुटला. हात माझा न्हाईच असं वाटतंय."

शेजारणी बोलायला मोकळ्याच होत्या. "गाठ काढली म्हणतात, मग ही झोपते कशाला?" असे त्या म्हणत. सुनेच्या कानावर ते जाई. ती कशीबशी उठे, चुलीपुढे बसे आणि भिंतीला टेकून डोळे मिटे. शहरातल्या डॉक्टरांनी "कसं काय?" म्हणून विचारले, की "बरं आहे" म्हणे. आपण आळशी ठरू, अशी तिला भीती वाटे.

शेवटी सासूच एका रात्री वर्गाला आली. पाटी मांडीवर ठेवून तिने आम्हाला विचारले, "गाठ तर काढून टाकली. मग आता हिची ताकद खातंय कोण?"

प्रश्न बिनतोड होता. त्याच्या उत्तरासाठी हा पाठ लिहिला आहे.

आधी रोगाविषयी थोडे. आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या होतात. ह्याला धरबंध असतो. कर्करोगात काही पेशींचा धरबंध सुटतो. त्या वाढतच जातात. त्यांची गाठ होते आणि त्या रक्तावाटे दुसरीकडेही जातात. हा रोग शिवल्याने लागत नाही, एका ताटात जेवल्याने लागत नाही. मागच्या जन्मीच्या पापाचाही ह्याच्याशी संबंध नाही. तंबाखू, गुटखा आणि मिश्री ह्यांचा मात्र फार जवळचा संबंध आहे. पण तो वेगळा पाठ होईल.

आता ताकद कोण खाते ते पाहू.

पहिली गोष्ट रक्ताची. रक्तात लाल पेशी असतात. त्यांत हिमोग्लोबिन नावाचे लाल द्रव्य असते. त्यात लोह असते. आपण श्वास घेतो तेव्हा हवेतला प्राणवायू ह्या द्रव्याला चिकटतो आणि अंगभर जातो. लाल पेशी म्हणजे प्राणवायूच्या गाड्याच समजा. चुलीला वारा लागला नाही तर ती धुमसते, तसे प्राणवायू कमी पडला की स्नायू धुमसतात. दोन पायऱ्या चढल्या की धाप लागते. डोळ्यांपुढे अंधारी येते.

लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि मरते. म्हणून नव्या पेशी सतत लागतात. त्या कुठे तयार होतात? हाडांच्या आतल्या मगजात. मटणाच्या नळीतला मगज तुम्ही पाहिला असेल, तसाच आपल्याही हाडांत असतो. मोठ्या माणसाच्या कमरेच्या, छातीच्या आणि पाठीच्या हाडांतला मगज हे काम करतो. तो दर सेकंदाला सुमारे वीस लाख लाल पेशी घडवतो. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत कोटभर झाल्या असतील!

केमोचे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना मारते. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून त्या मरतात. पण मगजातल्या पेशीही भराभर वाढणाऱ्याच असतात. औषधाला आपला आणि परका पुरता ओळखता येत नाही. शेतात तणनाशक मारताना थोडे पिकावरही उडते ना, तसे होते. केस गळतात, तोंड येते, ते ह्याच कारणाने. केस गळलेले सगळ्यांना दिसतात. रक्त कमी झालेले कुणाला दिसत नाही.

शिवाय आणखी एक भानगड आहे. रोग अंगात असला की यकृत, म्हणजे काळीज, हेप्सिडिन नावाचे एक द्रव्य जास्त सोडते. हे द्रव्य अंगातल्या लोहाला कुलूप घालते. कणगीत धान्य भरपूर आहे, पण किल्ली घेऊन कारभारी बसला आहे, अशी गत होते. मगजाला लोह हवे असते, पण ते त्याला मिळत नाही. म्हणून असल्या रोग्याने मनानेच लोहाच्या गोळ्या आणून खाल्ल्या, तर पुष्कळदा त्यांचा उपयोग होत नाही. रक्त तपासून डॉक्टर ठरवतात. कुणाला गोळी देतात, कुणाला लोह शिरेतून देतात, कुणाला रक्ताची बाटली लावतात. गर्भाशयाच्या किंवा आतड्याच्या कर्करोगात रक्त थेंबाथेंबाने वाहूनही जाते. तेही बघावे लागते.

हिमोग्लोबिनचा आकडा चिठ्ठीवर लिहिलेला असतो. बाईचा १२ च्या खाली आणि पुरुषाचा १३ च्या खाली असला, की रक्त कमी आहे असे धरतात. तुम्हाला आता आकडे वाचता येतात. चिठ्ठी हातात आली की हा आकडा शोधा आणि डॉक्टरांना त्याविषयी विचारा. त्यात कमीपणा नाही.

पण ऐका. कित्येक रोग्यांचे रक्त चांगले असते, तरी शीण असतोच. म्हणजे चोर एकटा नाही.

दुसरा चोर समजायला गोठ्यात चला. बैल आजारी पडला की काय करतो? वैरण सोडतो, रवंथ करत नाही, मान खाली घालून एका कोपऱ्यात उभा राहतो. त्याला ओढले तरी तो हलत नाही. आपल्याला वाटते, तापाने त्याची ताकद गेली. १९८८ साली अमेरिकेतले एक जनावरांचे डॉक्टर, बेंजामिन हार्ट, ह्यांनी वेगळे सांगितले. ते म्हणाले, हे मरगळणे रोगाशी लढण्याचीच एक रीत आहे. जनावर निपचित राहिले की त्याची ताकद वाचते आणि ती लढाईला मिळते.

पण बैलाला पडून राहा असे सांगतो कोण? त्याचा मेंदू सांगतो. आणि मेंदूला खबर देतात त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्या आपल्या अंगाच्या राखणदार. शत्रू आत शिरला की त्या काही द्रव्ये सोडतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. गावात दवंडी पिटली की सगळी घरे दारे लावून घेतात, तशी ही अंगातली दवंडी आहे. ती ऐकली की मेंदू हुकूम सोडतो: पडून राहा, खाऊ नको, कुणाशी बोलू नको. साध्या तापात तुम्हाला हा अनुभव आलाच आहे. ताप गेला की दवंडी थांबते आणि चौथ्या दिवशी आपण शेतावर असतो.

कर्करोगात ही दवंडी थांबत नाही. गाठीभोवतीच्या पेशी ती पिटत राहतात. ऑपरेशनची जखम, केमोने मेलेल्या पेशी, किरणांच्या उपचाराने पोळलेला भाग, ह्या सगळ्यांमुळे दवंडी आणखी चढते. किरणांच्या उपचाराला आपल्याकडे कुणी शेक म्हणतात, कुणी लाइट म्हणतात. शेक सुरू झाला की शीण पहिल्या दिवशी दिसत नाही. आठवड्यामागून आठवडा तो साचत जातो आणि शेक संपल्यावरही काही आठवडे राहतो. केमोचा शीण मात्र पहिल्या काही दिवसांतच जोर करतो आणि मग हळूहळू ओसरतो. पुढची केमो आली की पुन्हा वर येतो.

दवंडीची ही गोष्ट खरी कशावरून, असे कुणी विचारील. विचारावेच. इंटरफेरॉन नावाचे एक सायटोकाइन औषध म्हणून टोचत असत, अजूनही कुठे कुठे टोचतात. काविळीच्या काही प्रकारांत आणि काही कर्करोगांत ते देत. ते टोचले की ज्याला कर्करोग नाही अशा माणसालाही थंडी वाजे, अंग मोडून येई आणि आठवडेच्या आठवडे शीण राही. गाठ नाही, रक्त ठीक आहे, नुसती दवंडी अंगात घातली तर माणूस आडवा झाला! आता सुनेच्या हातातून तांब्या का सुटला, ते ध्यानात येईल. तिच्या हाताला काही झाले नव्हते. तिचा मेंदूच हाताला "थांब" म्हणत होता.

सासूला आम्ही हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हंजी माझा बैल दावणीला मान टाकून उभा राहिला, तर मी त्याला चाबूक मारत न्हाई. आन् हिला बोलते."

आम्ही त्यावर काही बोललो नाही.

काहींच्या अंगात ही दवंडी उपचार संपल्यावरही मंद चालू राहते. रोग गेला, केस आले, तरी महिनोन्महिने शीण राहतो, क्वचित वर्षेही राहतो. म्हणजे रोग परत आलाच असे नाही. तरी दाखवून घ्यावे.

तिसरी गोष्ट अंग झिजण्याची. हिच्यात जरा हिशेब आहे, पण हिशेबाला आता तुम्ही भीत नाही.

आपल्या पेशी साखर जाळून ताकद मिळवतात. प्राणवायू असला की एका साखरेच्या कणातून सुमारे तीस भाग ताकद निघते. प्राणवायू न वापरता साखर अर्धवट जाळली तर फक्त दोन भाग निघतात. चुलीत ओले लाकूड घातल्यासारखे ते आहे, धूर फार आणि आच थोडी. १९२० नंतरच्या दशकात जर्मनीतले ओटो वारबुर्ग ह्यांना दिसले, की गाठीतल्या पेशी प्राणवायू असूनही पुष्कळ साखर अशी अर्धवटच जाळतात. ते का, ह्यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. उरलेला अर्धवट माल रक्तातून काळजाकडे जातो. काळीज त्याची पुन्हा साखर करते. ती एक साखर करायला काळजाला सहा भाग ताकद खर्चावी लागते. म्हणजे गाठीने मिळवले दोन आणि घरधन्याने मोजले सहा. आणि केलेली साखर खायला गाठ पुन्हा हजर! गाठ लहान असताना हा तोटा जाणवत नाही. ती मोठी असली आणि पसरली असली म्हणजे घर बुडायला लागते.

त्यातच दवंडीची द्रव्ये स्नायूंना वितळवतात. न्यूयॉर्कमधले शास्त्रज्ञ अंग झिजवणाऱ्या एका द्रव्याच्या मागावर होते. त्याला त्यांनी कॅकेक्टिन असे नाव दिले होते. १९८५ साली कळले, की हे द्रव्य म्हणजे पांढऱ्या पेशींचे एक ओळखीचे सायटोकाइनच आहे. म्हणून रोग्याचे दंड आणि मांड्या बारीक होतात. भुकेने वाळलेला माणूस दोन महिने पोटभर जेवला की भरतो. हा नुसत्या जेवणाने भरत नाही. तो खात नाही म्हणून घरचे रागावतात, पण त्याची भूकच मेंदूने बांधून ठेवलेली असते.

इथे दोन खुळ्या समजुती आहेत, त्यांवर बोललेच पाहिजे. गाठ साखर खाते हे ऐकून काही लोक रोग्याची साखर, गूळ, भात सगळे तोडतात. गाठ उपाशी मरेल असे त्यांना वाटते. असे होत नाही. आपण साखर दिली नाही तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून साखर तयार करते. गाठीला तिचा वाटा मिळतोच, आणि रोगी मात्र आणखी खंगतो. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर सांगतील तसे करावे. एरवी रोग्याला थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा, जे जाईल ते द्यावे. डाळ, उसळ, अंडे, दूध, शेंगदाण्याचा कूट, चालत असेल त्याला मासळी. चांगले शिजवलेले आणि ताजे द्यावे.

दुसरी समजूत सलाईनची. "अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा" असे आपण डॉक्टरला सांगतो आणि पाचशे रुपये मोजतो. त्या बाटलीत असते काय? अर्ध्या लिटरच्या मिठाच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ. साखरेची नेहमीची बाटली लावली तर तिच्यात २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. एका भाकरीत ह्याहून जास्त ताकद आहे. उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी गेले असेल तर सलाईन जीव वाचवते, हे खरे. पण कर्करोगाचा शीण तिने जात नाही. ते पैसे अंड्यांना आणि दुधाला लावलेले बरे.

आणखी बारीकसारीक कारणे आहेत, ती भराभर सांगतो. दुखणे असले की झोप लागत नाही. केमोबरोबर उलट्यांसाठी जे औषध देतात, त्यातले एक झोप उडवते. दुखण्यावरची मॉर्फिनसारखी औषधे सुस्ती आणतात. काही केमोची औषधे काळजावर नव्हे, हृदयावर ताण टाकतात, मग चालताना धाप लागते आणि पाय सुजतात. मन खचले तरी शीण येतो. तो शीणही खराच असतो, सोंग नसते, आणि त्यावरही औषध आहे.

एक कारण मात्र सावकाश सांगायला हवे, कारण ते आपल्या भागात पुष्कळांना लागू आहे आणि त्यावरचा इलाज सोपा आहे. तंबाखूमुळे आपल्याकडे तोंडाचा आणि घशाचा कर्करोग फार. त्याला गळ्यावर शेक देतात. गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉइड नावाची एक ग्रंथी असते. ती जो रस रक्तात सोडते, त्यावर सगळ्या अंगाची चाल अवलंबून असते. शेकाने ही ग्रंथी हळूहळू मंद पडू शकते. लगेच नाही, काही महिन्यांनी, कधी दोन-चार वर्षांनी. माणूस बरा झालेला असतो, कामाला लागलेला असतो, आणि मग तो सुस्तावू लागतो. त्याला थंडी जास्त वाजते, पोट साफ होत नाही, अंगावर सूज येते. घरचे म्हणतात, रोगाने ह्याला कायमचा मोडला. खरे तर रक्ताची एक तपासणी केली की कळते आणि रोज सकाळी एक गोळी घेतली की माणूस पुन्हा उभा राहतो. गळ्यावर शेक घेतलेल्या माणसाने तपासणीला गेल्यावर "माझे थायरॉइड बघितले का?" एवढे विचारावे.

आता विश्रांतीविषयी. आधी आम्ही सासूला सांगितले, सुनेला बोलू नका. तिने ते इतके मनावर घेतले, की सुनेला खाटेवरून उतरूच देईना! पाणी खाटेवर, जेवण खाटेवर. पंधरा दिवसांनी सुनेचा शीण कमी व्हायच्या जागी वाढला. चूक आमची होती. आम्ही अर्धीच गोष्ट सांगितली होती.

हात मोडला आणि दीड महिना प्लास्टरमध्ये ठेवला, तर प्लास्टर काढल्यावर तो हात कसा दिसतो? काडीसारखा. न वापरलेला स्नायू झिजतो. खाटेवर पडून राहिले की सगळ्या अंगाचे असेच होते. मग खाटेवरून न्हाणीपर्यंत जाणे हेसुद्धा डोंगर चढण्यासारखे होते. शीण आला म्हणून पडायचे, पडले म्हणून स्नायू झिजायचे, झिजले म्हणून शीण वाढायचा. घाण्याचा बैल जसा फिरतो तसे हे चालते. दिवसा झोप झाल्यामुळे रात्री डोळा लागत नाही, ते निराळेच.

पूर्वी डॉक्टरही "पडून राहा" असेच सांगत. आता ते मत बदलले आहे. २०१७ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ११३ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत अकरा हजारांवर रोगी होते. त्यांना दिसले, की ह्या शिणावर गोळ्यांपेक्षा चालणे-फिरणे, व्यायाम आणि मनाला धीर देणारे मार्गदर्शन ह्यांचा गुण जास्त येतो. चालण्याने दवंडीचा आवाज कमी होतो, स्नायू टिकतात, झोप लागते.

म्हणजे शिणलेल्या माणसाला नांगराला जुंपायचे का? मुळीच नाही. दिवसभरात ताकद किती आहे, ते पैशासारखे बघायचे. बाजाराला जाताना खिशात शंभरच रुपये असले तर आपण आधी मीठ-मिरची घेतो, मग उरले तर जिलबी. तसेच जे काम हवेसे वाटते आणि जे स्वतःच करायला हवे, त्यासाठी ताकद राखायची. बाकीचे दुसऱ्याने करायचे. भाजी बसून निवडायची. अंघोळ पाटावर बसून करायची. दुपारी अर्धा तास पडायचे, पण संध्याकाळपर्यंत नाही. आणि रोज थोडे चालायचे, आज दारापासून चिंचेपर्यंत, पुढच्या आठवड्यात चिंचेपासून देवळापर्यंत. रोग हाडात गेला असेल, रक्त फार कमी असेल, किंवा अंगावर काळे-निळे डाग उठत असतील, तर चालण्याआधी डॉक्टरला विचारायचे.

आणि एक गोष्ट उद्यावर टाकायची नाही. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत अंगातले राखणदार, म्हणजे पांढऱ्या पेशी, सगळ्यांत कमी असतात. त्या दिवसांत शीण एकाएकी वाढला आणि ताप १००.४ च्या वर गेला, थंडी भरली, तर ती साधी तापसरी समजू नका. घरी क्रोसिन देऊन वाट बघू नका. त्याच दिवशी, रात्र असली तर त्याच रात्री, इस्पितळ गाठा आणि "केमो चालू आहे" हे दारातच सांगा. असा ताप काही तासांत जीव घेऊ शकतो. बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखले, शुद्ध हरपू लागली, तरीही थांबायचे नाही.

डॉक्टरला शीण कसा सांगायचा, हाही प्रश्नच असतो. "लई शीण हाय" म्हटले तर त्याला काय कळणार? म्हणून मोठ्या इस्पितळांत आकडा विचारतात. शीण बिलकूल नाही तो ०, ह्याहून जास्त असूच शकत नाही तो १०. परळच्या टाटा रुग्णालयात, जे १९४१ साली सुरू झाले, किंवा बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात, आपल्या भागातले पुष्कळ लोक जातात. तिथे डॉक्टरांपुढे माणसांची रांग असते. आपल्या वाट्याला थोडा वेळ येतो. त्या वेळात आकडा लिहिलेला कागद पुढे केला, तर दहा वाक्यांचे काम होते.

सासू तेव्हा वर्गात १ ते १०० आकडे गिरवत होती. आम्ही तिला म्हणालो, रोज संध्याकाळी सुनेला शीण किती ते विचारा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेखाली आकडा लिहा. तिला ते पटले. पहिले आठ दिवस तिचा ६ आणि ९ सारखाच निघे. आम्ही तो सुधारून घेतला.

महिन्याभराने कॅलेंडर बोलू लागले. केमोनंतर तिसऱ्या दिवशी ८, मग ७, मग ५, मग ४. दर वेळी असेच. चौथ्या केमोनंतर मात्र ८ खाली येईना. दहा दिवस झाले, ८ च. सासूने कॅलेंडरचे पान फाडून पदराला बांधले आणि सुनेबरोबर एस.टी.त बसली. डॉक्टरांनी पान पाहिले आणि तिथल्या तिथे रक्त तपासायला पाठवले. हिमोग्लोबिन ७ वर आले होते. रक्ताची बाटली लावली. आठ दिवसांत आकडा ५ वर आला.

आता केमो संपली आहे. संध्याकाळी दोघी देवळापर्यंत जाऊन येतात, मधे पारावर एकदा बसतात. परवा आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा कॅलेंडर मुद्दाम पाहिले. ३ आणि ४ पुष्कळ होते. एका तारखेखाली मात्र ठळक ९ होता. हा कसला, म्हणून विचारले.

"त्या दिशी होळी," सासू म्हणाली. "आयकतीय व्हय कुणाचं? समदं पुरान एकटीनंच वाटलं."

सून आतून हसली.